दूरचा संगणक उठतच नाही तेव्हा

19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले. आपल्याकडेही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय तसा सोपा होता: संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा आणि एक फाइल काढून टाकायची. पण दुरून संगणक चालवू देणारी एनीडेस्कसारखी सॉफ्टवेअर विंडोज चालू झाल्यावरच कामाला लागतात. विंडोजच उठत नव्हतं, म्हणून बहुतेक ठिकाणी यंत्रापुढे माणूस पाठवावा लागला.

अशा वेळी केव्हीएम ओव्हर आयपी नावाची छोटी डबी कामाला येते. तिची एक वायर संगणकाच्या एचडीएमआयला जाते, दुसरी यूएसबीला, तिसरी नेटवर्कला. पहिलीतून पडद्यावरचं चित्र येतं. दुसरीमुळे संगणकाला वाटतं, खराच कीबोर्ड आणि माऊस जोडलाय. तुम्ही पुण्यात ब्राउझर उघडायचा आणि रत्नागिरीच्या शाखेतल्या संगणकाच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, शिरायचं. काही डब्या सीडी ड्राइव्ह म्हणूनही वावरतात, त्यामुळे विंडोज नव्याने टाकता येतं. रास्पबेरी पायवर चालणारा पायकेव्हीएम हा यातला मुक्तस्रोत प्रकार, मला विशेष आवडणारा. मोठ्या सर्व्हरमध्ये ही सोय मदरबोर्डवरच असते: डेलची आयड्रॅक, एचपीईची आयएलओ. सर्व्हर बंद असला तरी वीज मिळत असेपर्यंत ती जागी असते.

घरी एकच संगणक असेल, तर यावर पैसे घालू नका. वीज गेल्यावर संगणक बंद राहतो एवढीच तक्रार असेल, तर वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय बहुतेक बायोसमध्ये असते. ती फुकट आहे.

आता धोका. या डबीत जो शिरला, तो तुमच्या खुर्चीत बसला. अँटीव्हायरसला दिसतो तो फक्त साधा कीबोर्ड. 2017 मध्ये इंटेलच्या एएमटी या दूरनियंत्रण सोयीत अशी चूक सापडली, की पासवर्डच्या जागी रिकामं उत्तर पाठवूनही आत जाता येत होतं. जाणत्या कंपन्यांच्या हातूनही अशा फटी राहतात. म्हणून ही डबी थेट इंटरनेटवर उघडी ठेवू नका. आधी व्हीपीएन, म्हणजे कार्यालयाच्या नेटवर्कशी सुरक्षित खासगी जोडणी, मग डबी. मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, तिचं फर्मवेअर अद्ययावत ठेवा. डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर वापरत असाल, तर त्याची रिकव्हरी की त्याच संगणकात नको, वेगळी जपा. 2024 च्या त्या दिवसांत तिच्यावाचून अनेकांची दुरुस्ती अडली होती.

तुमच्या कार्यालयात अशी डबी आधीच असेल, तर आज तंत्रज्ञाला एवढंच विचारा: हिच्यासाठी राउटरवर पोर्ट उघडा ठेवलाय का? उत्तर हो आलं, तर तो आजच बंद करून घ्या.