टिबुकली कशी ओळखावी?



वर्धापनदिनी पाखराविषयी काय बोलायचे, असे काहींना वाटेल. पण आपल्या पुनावळ्याच्या कडेने पवना वाहते, आणि तिच्या संथ पाण्यात आपण ज्यांना ‘बदकाची पिल्ले’ म्हणतो, ती पुष्कळदा पिल्ले नसतातच. तो पूर्ण वाढलेला पक्षी, टिबुकली.

ही वीतभराहून जराशीच मोठी. शेपूट जवळजवळ नाहीच, म्हणून मागची बाजू कापसासारखी फुगीर दिसते. चोच टोकदार असते, बदकासारखी चपटी नव्हे. विणीच्या दिवसांत मान व गाल तांबूस होतात, चोचीच्या मुळाशी फिकट पिवळा ठिपका उमटतो. हिवाळ्यात हा थाट उतरून ती मातकट होते. तेव्हा ती निराळी जात समजू नये. वारकरी पक्षीही बुडी मारतो, पण तो काळा, मोठा, कपाळी पांढरा टिळा असलेला. पाणकावळा काठावर पंख वाळवीत बसतो. टिबुकलीचे पाय अंगाच्या अगदी मागे असल्याने तिला धड चालता येत नाही. ती काठावर क्वचितच येते.

चाहूल लागताच ती बुडते आणि भलतीकडेच वर येते. म्हणून बुडाली तिथे टक लावू नका, सगळ्या पाण्यावर नजर ठेवा. दिसली नाही तरी तिची थरथरती, खिदळल्यासारखी शीळ ऐकू येते.

मुख्य सांगायचे ते घरट्याचे. ओल्या, कुजक्या पाणवनस्पतींचा तो तरंगता ढीग लव्हाळ्याला अडकवलेला असतो. उठून जाताना ती अंडी त्याच पाल्याने झाकते. पाहणाऱ्याला तो केरच वाटतो, आणि सफाईच्या उत्साहात तो ओढून काढला जातो! जलपर्णी काढलीच पाहिजे. तिने पाणी झाकले तर टिबुकलीला बुडी मारायलाही जागा उरत नाही. पण पावसाळ्यात असा ढीग दिसला, तर आधी लांब सरून थोडा वेळ स्वस्थ बसावे. पक्षी परतून वरचा पाला बाजूला सारू लागला, की तेवढा कोपरा सोडावा. अंडी उबायला सुमारे तीन आठवडे लागतात.

पुढे पट्टेदार पिल्ले पाठीवर बसून हिंडतात, आईच्या तशी बापाच्याही. (घरातील पुरुषमंडळींना हे मुद्दाम दाखवावे.) दुर्बीण नसली तरी अडत नाही, सकाळी वारा पडलेला असताना, पाणी हलत नाही तेव्हा जावे, आणि मुलांना दगड मारू देऊ नये.