कार्ड हातात, नाव यादीत नाही

मला भाषणाची सवय नाही, कोड लिहायची आहे. म्हणून अम्मीच्या गोष्टीपासून सुरुवात करतो.

17 एप्रिल 2014. पुण्यात लोकसभेचं मतदान होतं. आम्ही तेव्हा भवानी पेठेत राहायचो. अम्मी सकाळीच ओळखपत्र घेऊन रांगेत उभी राहिली. आत गेल्यावर कळलं, यादीत नाव नाही. अब्बांचं होतं, माझं होतं, तिचं गायब. टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "कार्ड असून चालत नाही, यादीत नाव लागतं." ते नियमानेच बोलत होते. घरी येताना अम्मी एवढंच म्हणाली, "मागच्या वेळी तर होतं!"

त्या दिवशी शहरात अशी पुष्कळ माणसं परत गेली, सगळ्या धर्मांची. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी महाराष्ट्रातल्या गहाळ नावांबद्दल माफीही मागितली. पण अम्मीचं मत राहिलं ते राहिलंच.

नाव कापलं गेलं की मोबाईलवर मेसेज येईलच असं नाही. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 22 सांगतं की, माणूस तिथे राहत नाही म्हणून नाव काढायचं असेल तर आधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी. पण नोटीस निघाली तरी ती जाणार यादीतल्या पत्त्यावर. आणि आपल्यातले कितीतरी लोक भवानी पेठ, नाना पेठ, कॅम्प सोडून कोंढव्यात आलेत. घर बदललं, गॅसचा पत्ता बदलला, मतदार यादीतला बदलला नाही. भाड्याने राहणाऱ्यांचं तर दर 11 महिन्यांनी बिऱ्हाड हलतं. लग्न होऊन आलेल्या मुलींचं नाव माहेरच्या यादीत राहतं, किंवा कुठेच राहत नाही.

मला वाटलं, एक छोटा प्रोग्राम लिहू, यादी तपासून टाकू. हैदराबादच्या खालिद सैफुल्लाह या इंजिनिअरने 2018 मध्ये सुटलेले मतदार शोधायला ॲप केलंच होतं. पण यादीची पीडीएफ म्हणजे नुसते फोटो, त्यात शब्द शोधता येत नाही. शोधता येईल अशी यादी द्या, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच फेटाळली. फोटोतली अक्षरं कॉम्प्युटरला वाचायला लावली, तर महंमद, मोहम्मद आणि मोहमद अशी तीन वेगळी माणसं तयार झाली! शेवटी आम्ही चार मित्रांनी यादी छापली, पेन घेतलं आणि रविवारी जिने चढायला लागलो.

दार उघडलं की पहिलं उत्तर ठरलेलं: "कार्ड है ना हमारे पास." कुणी दारातूनच विचारतं, कोणत्या पार्टीचे? पार्टीचे नाही म्हटल्यावर संशय आणखी वाढतो. एका खालांनी चहा पाजला आणि मग स्वतःच खालच्या मजल्यावरच्या तीन घरांत घेऊन गेल्या. त्यानंतर आम्ही बायकांशिवाय फेरी काढलीच नाही.

काम साधं आहे. नवं नाव, फॉर्म 6. पत्ता बदलला किंवा नावात चूक, फॉर्म 8. नाव काढण्यासाठी फॉर्म 7, आणि तो तुमच्या नावावर त्याच मतदारसंघातला दुसरा कुणीही मतदार भरू शकतो, म्हणून प्रारूप यादी लागली की बघायची. आपला बीएलओ कोण, हे माहीत पाहिजे. बहुतेक वेळा शाळेतल्या बाई किंवा अंगणवाडी सेविका असतात, स्वतःचं काम सांभाळून हे करतात, त्यांच्याशी भांडू नका. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की नवं नाव घेता येत नाही. महापालिकेची यादीही विधानसभेच्या यादीवरूनच बनते.

बिहारमध्ये 2025 च्या प्रारूप यादीतून सुमारे 65 लाख नावं गळली. ती नावं कारणांसह जाहीर करा, असं सर्वोच्च न्यायालयाला 14 ऑगस्टला सांगावं लागलं. म्हणजे त्याआधी तिथल्या माणसाला आपलं नाव का गेलं हे जाहीर यादीतून कळत नव्हतं.

अम्मीचं नाव पुन्हा आलं, फॉर्म भरून. आता ती दर यादीला मला फोन करते, "देखा क्या?"

बाहेर टेबलावर फॉर्म ठेवलेत. घरातल्या सगळ्यांचे कार्ड नंबर मोबाईलमध्ये असतील तर आत्ताच बसून बघू.