काय न्यायचं, काय टाकायचं

महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, की आम्ही थोडा वेळ काहीतरी वाचतो. या वेळी ताईंनी एका अमेरिकन कादंबरीचं नववं प्रकरण आम्हाला मराठीत सांगितलं. जॉन स्टाइनबेक यांची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’, १९३९ सालची.

गोष्ट ओक्लाहोमा राज्यातल्या कुळांची आहे. धुळीच्या वादळांनी पीक गेलं, कर्ज वाढलं. मग मालकांनी आणि बँकांनी शेतात ट्रॅक्टर घातले आणि कुळांना उठवलं. कॅलिफोर्नियात फळं तोडायचं काम मिळेल, या आशेवर लोक निघाले. या प्रकरणात प्रवास अजून सुरू झालेला नाही. नुसती आवराआवर चाललीय. आम्हाला वाटलं, यात ऐकण्यासारखं काय असणार? पण ऐकता ऐकता सगळ्या गप्प झाल्या.

गाडीत जागा थोडी. भांडी, गाद्या घ्याव्याच लागणार. मग चिंधीची बाहुली? भावानं मरणाच्या आदल्या दिवशी लिहिलेलं पत्र? जत्रेतून आणलेला चिनीमातीचा कुत्रा? पुरुष भराभर टाकायला सांगतात. बायकांचा हात मात्र अडतो. हे मागचं सगळं पुढे आपल्याला हाका मारणार, हे त्यांना ठाऊक असतं.

आमच्यात यावर वाद झाला. एक म्हणाली, पुरुष निष्ठुरच. दुसरी म्हणाली, तसं नाही, बघत बसलं तर पाय निघणार नाही, म्हणून ते घाई करतात. आम्हाला दोन्ही पटलं.

मग अवजारं बाजारात जातात. ३८ डॉलरला घेतलेल्या पेरणी यंत्राचे २ डॉलर मिळतात. घोड्यांची जोडी आणि गाडी मिळून १०. त्या घोड्यांच्या आयाळीला घरातली पोर आपल्या केसांची रिबीन सोडून बांधायची. घेणाऱ्याला कळलेलं असतं, हे लोक माल परत नेऊ शकत नाहीत. अडल्याचा भाव तो. उरलेलं शेवटी अंगणात रचून पेटवून देतात.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकली. सौद्याला एकही बाई नाही. घरी वाट बघायची आणि हातात येतील तेवढ्या पैशांवर पुढचं भागवायचं. लेखकानं बायकांचं मन इतकं ओळखलं, मग एखादी तरी बाजारात पाठवायची होती!

आमच्यातल्या एकीची सासू १९७२ च्या दुष्काळाचं सांगायची. खडी फोडायच्या कामावर जायच्या आधी तिनं तांब्याचा हंडा मोडीत घातला. हंड्यावर तिच्या आईचं नाव कोरलेलं होतं. मोडवाल्यानं तो तागडीत टाकला आणि तांब्याच्या वजनाचे पैसे दिले. पैसे घेताना तिनं विचारलं, “नाव तेवढं कापून देता का?” तो हसला. म्हणाला, “मावशी, मग वजन कमी भरंल की.”

त्या दिवशी बैठक उठायला उशीर झाला. कुणाच्या घरात कुठल्या भांड्यावर कुणाचं नाव आहे, हेच सगळ्या सांगत बसल्या होत्या.