भाजी एक, भाव दोन



मंडईंतून परतलेली गृहिणी पिशवी खालीं ठेवतांना "आज भाव फार चढले" असें म्हणते, तेव्हां तिच्या मनांत एकच भाव असतो. वस्तुतः भाव दोन असतात : एक शेताच्या बांधावरचा, दुसरा आपल्या दारचा. संकटकाळीं ह्या दोहोंचें काय होतें, एवढाच आजचा विषय आहे.

२०२० सालचा मार्च आठवावा. ता. २५ पासून देशभर टाळेबंदी झाली. उपाहारगृहें मिटलीं, लग्नसमारंभ राहिले, ट्रकचालक व हमाल मिळेनासे झाले. पुढें मे महिन्यांत वाशीचा घाऊक बाजारही कांहीं दिवस बंद होता. नाशिकचीं द्राक्षें त्या वेळीं वेलींवर तयार होतीं, आणि पिकलेलें द्राक्ष कोणाची वाट पाहत नाहीं. कित्येक बागाइतदारांनीं मिळेल त्या भावानें माल दिला, कित्येकांनीं त्याचे बेदाणे केले. आणि त्याच दिवसांत शहरांतील माणसें भाजीफळांसाठीं रांगांत तिष्ठत होतीं. माल होता, गिऱ्हाईक होतें. मधली वाट तेवढी नव्हती.

आतां २०१९ साल घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरांतील अवकाळी पावसानें खरिपाचा पुष्कळ कांदा शेतांतच नासला, आणि डिसेंबरांत अनेक शहरांत त्याचा भाव किलोस १०० रुपयांवर गेला. येथें वाटा खुल्या होत्या. मालच थोडा होता. निर्यात तर २९ सप्टेंबरलाच बंद झाली होती. पण बंदीनें नवा कांदा उगवत नाहीं.

दोन्ही वेळां आपण म्हणालों, "व्यापारी लुटतात." साठेबाजी होतच नाहीं, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु पहिल्या रोगावर औषध वाहतुकीचें, दुसऱ्यावर साठवणीचें. रोग न ओळखतां दिलेलें औषध बहुधा शेतकऱ्यालाच बाधतें. ७ ऑगस्ट २०२० रोजीं देवळालीहून दानापूरकडे पहिली किसान रेल्वे सुटली, तो पहिल्या प्रकारचा उपचार होय. रब्बीचा कांदा चाळींत चार-पांच महिने टिकवतां येतो, हा दुसऱ्या प्रकारचा. पालेभाजीस मात्र एक-दोन दिवसांचेंच आयुष्य; म्हणूनच वाट अडली कीं तिचा भाव गांवोगांव निराळा होतो.

तेव्हां यापुढें भाव चढला, तर एक प्रश्न अवश्य विचारावा : शेतकऱ्याच्या हातीं काय पडलें? त्याचाही भाव चढला असेल, तर माल थोडा आहे. आपण चार दिवस काटकसर करावी. त्याचा उतरला असेल, तर वाट अडली आहे; ती मोकळी करण्याचा आग्रह धरावा. नुसती स्वस्ताईची ओरड आपलेंही पोट भरीत नाहीं, आणि त्याचेंही नाहीं.