पुसदचा अंदाज

यवतमाळ जिल्ह्यातल्या सात विधानसभा मतदारसंघांपैकी पुसदचा निकाल सांगणं सर्वांत सोपं, असं कुणीही म्हणेल. 1952 मध्ये वसंतराव नाईक इथून पहिल्यांदा निवडून आले. पुढे सुधाकरराव, मनोहरराव आणि आता इंद्रनील. घराणं तेच.

पण खरा अंदाज मताधिक्याचा असतो आणि तो भल्याभल्यांना चकवतो. 2019 मध्ये इंद्रनील यांच्यासमोर भाजपकडून चुलतभाऊ निलय नाईक उभे राहिले. घरातच मतं विभागली, फरक दहा हजारांच्या आत आला. 2024 मध्ये तोच फरक नव्वद हजारांवर गेला! म्हणून नुसतं आडनाव पाहून भागत नाही. समोर कोण उभा आहे, युती कुणाशी, बंजारा तांड्यांवर किती मतदान झालं, हे आधी विचारा.