आईची शिकवण, लेकीचे प्रश्न

‘मुलीच्या जातीनं सोसावं’ ही शिकवण कुंडलिका नदीकाठच्या रोहा-अष्टमीतल्या घरांनाही अनोळखी नाही. मराठी कादंबरीनं ती फार पूर्वीच टिपली. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९०पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः आली. तिच्यात यमू स्वतःची कहाणी सांगते. आईचं मुकाट सोसणं पाहत ती वाढते. पुढे वैधव्यात तिचं केशवपन होतं. १९३३मध्ये विभावरी शिरूरकर, म्हणजेच मालतीबाई बेडेकर यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. त्यातल्या शिकलेल्या तरुणी लग्न आणि संसार यांबद्दल उघड प्रश्न विचारतात. ही दोन्ही पुस्तकं मायलेकींनी एकत्र वाचावीत. सोसण्याची कोणती शिकवण इथेच थांबवायची, हे दोघींनी मिळून ठरवावं.