विद्यापीठाचा कचरा



विद्यार्थ्यांमध्ये कचऱ्याविषयी जाणीव कितपत आहे, हा आजचा विषय. मी कामगार संघटनेतला माणूस. माझे शिक्षण गेटसभांत आणि सार्वजनिक वाचनालयांत झाले. तेव्हा मी हा प्रश्न राबणाऱ्या हातांच्या बाजूने पाहणार.

विद्यार्थ्याला 'पुनर्वापर' हा शब्द ठाऊक असतो. त्यावर निबंधही तो बरा लिहितो. पण चहा सांडलेल्या कागदाला भाव काय, हे त्याला विचारा. कोरडा कागद भंगारवाला तोलून घेतो. तोच उसळीत भिजला की मातीमोल. वेफर्सचे चकचकीत पाकीट घ्या. त्यांत प्लास्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सोडवणे परवडत नाही, म्हणून दुकानात त्याला सहसा कोणी विचारत नाही. दुधाची पिशवी मात्र धुऊन वाळवली की विकली जाते. कचरा वेचणारी बाई हा भेद नुसत्या स्पर्शाने सांगते, आणि आमचा पदवीधर सगळे एकाच डब्यात टाकतो!

विद्यापीठांना केवळ दोष देऊन मात्र चालणार नाही. याच पुण्यात १९९० च्या सुमारास एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील मंडळी कचरावेचकांना अक्षरे शिकवायला गेली. शिकवता शिकवता ती त्यांच्याबरोबर कचऱ्यापर्यंत पोचली. घरातच सुका माल वेगळा झाला तर या बायांना उकिरडा उपसावा लागणार नाही, हे त्यांनी ओळखले. डॉ. बाबा आढावांच्या पाठबळाने १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. पुढे २००८ मध्ये या कष्टकऱ्यांच्याच 'स्वच्छ' सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम घेतले. शुल्क घेऊन, उपकार म्हणून नव्हे.

आता एक गोष्ट सांगतो, ती सभेत बोलू नये असे काहींना वाटेल. वसतिगृहांतून वापरलेले सॅनिटरी पॅड उघडेच टाकले जातात आणि ते कोणाच्या तरी हाताला लागतात. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढीच या बायांची विनंती आहे. ज्यांना ते हाताळावे लागते, त्यांना संकोच परवडत नाही.

पदवीला पर्यावरणाचा विषय असतो. त्याची वही कुठून तरी उतरवून काढण्यापेक्षा विद्यार्थ्याने एक सकाळ आपल्याच वसतिगृहाचा कचरा या बाईंबरोबर बसून निवडावा. त्या सकाळचा मेहनताना महाविद्यालयाने त्यांना द्यावा, आणि वहीवरचे गुणही त्यांनीच द्यावेत.